चूक कोणाच्या नावावर मांडली?

गेल्या कार्तिकातली गोष्ट आहे. आमच्या गावी कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा होतो. चार वाजता विठ्ठलाच्या देवळात आम्ही पाच-सहा म्हातारे, दोन-चार मायबाया आणि एखाद-दुसरा पोरगा, एवढीच मंडळी. धानाची कापणी ऐन भरात असते. बांधीत कापून टाकलेल्या कडपा दवाने ओल्या झालेल्या असतात आणि त्यांचा वास देवळापर्यंत येतो. दिवाळी झाली होती, मंडईचे दिवस होते. पुण्याला नोकरीला असलेला माझा नातू सुट्टी घेऊन घरी आला होता.

हा पोरगा एरवी सुट्टीत आठ वाजल्याशिवाय अंथरूण सोडत नाही. पण त्या वेळी तीन दिवस तो माझ्याआधी उठून देवळात जाऊन बसलेला असे. पहिल्या दिवशी मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आजीला कौतुकाने सांगितले. तिसऱ्या दिवशी कंदिलाच्या उजेडात त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले आणि कळले, की पोरगा देवासाठी उठत नाही, त्याला झोपच येत नाही.

काकडा आटोपल्यावर आम्ही तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलो. मी विचारले, "काय झालं रे बाबू?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबाजी, माझ्या हातानं एक चूक झाली. अन् ती दुसऱ्याच्या नावावर चढली."

त्याचे काम काय, हे आधी सांगितले पाहिजे. मलाही ते त्याच दिवशी नीट समजले. बँका, पतसंस्था, दुकाने यांचा हिशोब आता संगणकात असतो. तो हिशोब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते बनवणारी कंपनी वेगळी असते. सॉफ्टवेअर अडले, नोंद चुकली, की शाखेतला माणूस कंपनीला कळवतो. त्या तक्रारीला नंबर पडतो. त्याला ही पोरे 'तिकीट' म्हणतात. पहिल्या पायरीवरचा माणूस साध्या गोष्टी फोनवरच सांगून मोकळा होतो. त्याच्याने नाही सुटले तर ते दुसऱ्या पायरीवर जाते. माझा नातू दुसऱ्या पायरीवर आहे. त्याला हिशोबाच्या मूळ साठ्यात हात घालता येतो, त्यातली नोंद बदलता येते, पुसता येते. म्हणजे घराघरातल्या पैशाची चोपडी त्याच्यासमोर उघडी असते.

एका पतसंस्थेच्या एका शाखेतून तक्रार आली होती. ग्राहकाने एकदाच पैसे काढले, पण नेट संथ होते म्हणून कारकुनाने बटन दोनदा दाबले, आणि रक्कम काढल्याची नोंद दोनदा पडली. त्यातली एक पुसायची होती. काम दोन मिनिटांचे. संगणकाला हुकूम लिहून द्यायचा, की अमुक शाखेतली, अमुक खात्यावरची, अमुक तारखेची, दुसरी नोंद पूस. नियम असा, की हुकूम आधी नकलेवर चालवून पाहायचा, दुसऱ्या एका माणसाने तो वाचायचा आणि मगच खऱ्या हिशोबावर चालवायचा. त्या दिवशी तिकिटांचा ढीग होता, संध्याकाळ झाली होती. याने नकलेवर पाहिले नाही, कोणाला दाखवले नाही. आणि हुकुमात शाखेचे नाव घालायचे राहिले.

झाले असे, की दुसऱ्या एका शाखेतल्या अकरा खऱ्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या अकरा जणांना पैसे खरोखर दिलेले होते. पण संगणक म्हणू लागला, की दिलेलेच नाहीत. मग हिशोबाप्रमाणे तिजोरीत जेवढी रोकड हवी, त्यापेक्षा ४३,००० रुपये कमी भरले. त्या शाखेची कॅशियर एक बाई होती. तिने पैसे काढल्याच्या स्लिपा दाखवल्या. वरचे म्हणाले, संगणकात नोंद नाही, मग या स्लिपा मागाहून कशावरून केल्या नाहीत?

त्या शाखेनेही तक्रार पाठवली. ती याच्याच गटात आली. याच्या शेजारच्या मुलाने वरवर पाहून ठरलेले उत्तर पाठवले: आमच्या बाजूने काही दोष आढळत नाही, आपल्या स्तरावर तपासून घ्यावे. नातवाने ते उत्तर वाचले. काय झाले असेल हे त्याच्या त्याच क्षणी लक्षात आले. आणि तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो गाडीत बसला आणि गोंदियाला उतरला.

आता माझे ऐका. मी पन्नास वर्षे कीर्तन केले. सत्य, परोपकार, संतांचा आचार यावर किती बोललो असेन त्याला मोजमाप नाही. नातवाने एवढे सांगितल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? मी विचारले, "हे कोणाले मालूम आहे?"

तो म्हणाला, "कोणालेच नाही."

आणि मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू? त्याची नोकरी डोळ्यासमोर आली, घराचे कर्ज आले, पुढच्या वर्षी नातीचे लग्न करायचे होते ते आले. ती कॅशियर बाई माझ्या डोळ्यासमोर आलीच नाही. क्षणभर मी त्याला म्हणणार होतो, की देवाजवळ क्षमा माग आणि पुढे सांभाळून राहा. देवाजवळ क्षमा मागायला सांगणे किती सोपे असते!

ते शब्द तोंडात आले आणि तिथेच अडकले, कारण त्याच वेळी मला एक मृदंगवाले बुवा आठवले.

ही १९८६ सालची गोष्ट. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा पुढे १९९९ साली झाला. चुलबंद नदीच्या काठच्या एका गावी माघात सप्ताह होता आणि पाचव्या दिवसाचे कीर्तन माझे होते. मी पस्तिशीतला, नाव नुकते होऊ लागलेले. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मृदंगावर त्याच पंचक्रोशीतले एक बुवा होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. शेती करायचे, निरक्षर होते, पण हात असा, की अभंगाचा एकेक शब्द मृदंगातून ऐकू यावा.

अभंग ऐन रंगात असताना मी एक चरण गाळला आणि पुढचाच उचलला, तोही आडमात्रेवर. टाळकरी जुनाच चरण धरून होते. एका क्षणात चाल फाटली, टाळ एकीकडे आणि मी एकीकडे. ज्यांनी कीर्तनात टाळ धरला आहे त्यांना सांगायला नको, अशा वेळी कीर्तनकाराने थांबावे, "माउली, माझं चुकलं" म्हणावे आणि चरण पुन्हा धरावा. चार श्वासांत सगळे जागेवर येते. मी तसे केले नाही. मी वळून मृदंगाकडे पाहिले, हात केला आणि माईकमधून म्हणालो, "बुवा, ठेका सांभाळा."

मंडप हसला. बुवांनी मान खाली घातली, माझ्या चुकलेल्या मात्रेला जुळवून ठेका घेतला आणि कीर्तन पार पडले. आरती झाली, पेढे वाटले, लोक माझ्या पाया पडले.

पुढच्या वर्षी त्या सप्ताहाला दुसरा मृदंगवाला होता. चौकशी केली तर कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "बुवांचा हात आता पहिल्यासारखा नाही राहिला, महाराज. मागच्या वर्षी तुमच्या कीर्तनात पाहिलंच ना तुम्ही." तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी नुसता हुंकार दिला. हळूहळू बाकीच्या गावांनीही त्यांना बोलावणे सोडले. लोकांनी एक वाक्य माझ्या तोंडून ऐकले होते, आणि ते माईकमधून ऐकले होते.

पाळीवर बसून मी हे सगळे नातवाला सांगितले. हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते, त्याच्या आजीलासुद्धा नाही. मग म्हणालो, "माझी पहिली चूक चार मात्रांची होती. तिच्यानं कोणाचं काही बिघडलं नसतं. वळून पाहिलं, ते पाप. तुझी पहिली चूक शाखेचं नाव राहण्याची आहे. आता तू कोणाकडे वळून पाहतेस ते तुझं तूच पाय."

तो उठला. आमच्या घरी मोबाईलला नीट रेंज येत नाही, पाळीवर येते. तिथूनच त्याने आपल्या वरच्या साहेबाला फोन लावला. मी दूर जाऊन बसलो. धानाच्या बांध्यांवर उजाडत होते. त्याचे बोलणे ऐकू येत नव्हते, पण तो उभा राहून बोलत होता आणि मोकळा हात त्याने छातीशी धरला होता.

पुढे काय झाले तेही सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना आपण कीर्तनकार लोक शेवट फार गोड करतो. संगणकात कोणी कधी काय पुसले त्याची नोंद आपोआप राहते. ती पाहिल्यावर एका तासात सगळे उघड झाले. रोज रात्री हिशोबाची एक नक्कल काढून ठेवलेली असते, तिच्यातून त्या अकरा नोंदी परत घातल्या. ४३,००० चा फरक शून्य झाला. कंपनीने पतसंस्थेला लेखी कळवले, की दोष आमचा होता. नातवाला ताकीद मिळाली, त्या वर्षीची पगारवाढ गेली आणि तीन महिने खऱ्या हिशोबात हात घालायची परवानगी काढून घेतली. नोकरी राहिली.

साहेबाला विचारून त्याने त्या कॅशियर बाईंना स्वतः फोन केला. बाई म्हणाल्या, "चार दिवस आधी सांगितलं असतं, तर मला मंगळसूत्र गहाण ठेवावं लागलं नसतं." रक्कम भरून द्या नाहीतर पोलिसात जाऊ, असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्यांनी ती भरली होती. पैसे त्यांना परत मिळाले. पण त्या "माफ केलं" असे म्हणाल्या नाहीत. नातवाला वाटले होते की म्हणतील. मी त्याला सांगितले, क्षमा हे आपण केलेल्या कबुलीचे बिल नव्हे, की दिले आणि पावती मागितली. आपले काम खरे सांगण्याचे. पुढचे त्यांचे.

त्यानंतर तो सुट्टीवर आला, की मला त्याच्या धंद्यातल्या गोष्टी वाचून दाखवतो. त्यातल्या दोन गोष्टी मला या विषयासाठी फार मोलाच्या वाटल्या.

पहिली विलायतेतली. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आणली. ती फुजित्सू या कंपनीची होती. गावोगावी छोटी पोस्ट ऑफिसे चालवणारे लोक असतात, आपल्याकडे शाखा डाकपाल असतात तसे. त्यांच्या हिशोबात एकाएकी तूट दिसू लागली. ते मदतीच्या फोनवर विचारत. अनेकांना उत्तर मिळे, की असे फक्त तुमच्याकडेच होते आहे. करारच असा होता, की तूट त्यांनीच भरायची. लोकांनी घरे गहाण टाकली, साठवण मोडली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त माणसे चोरी आणि खोट्या हिशोबाच्या आरोपांत दोषी ठरली. सीमा मिश्रा नावाच्या भारतीय वंशाच्या बाई वेस्ट बायफ्लीट या गावचे पोस्ट चालवत. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांना तुरुंगात पाठवले, तेव्हा त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्यांना दिवस गेलेले होते. काही लोकांनी तर जीव दिला.

दोष सॉफ्टवेअरमध्ये होते. इतकेच नाही, तर कंपनीची तांत्रिक मदत करणारी माणसे दूर बसून शाखेच्या हिशोबात बदल करू शकत होती, आणि हे शक्यच नाही असे पोस्ट खाते वर्षानुवर्षे सांगत राहिले. अॅलन बेट्स नावाच्या एका डाकपालाने इतरांना जोडून घेतले आणि न्यायालयात लढा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांनी निकाल दिला, की प्रणालीत दोष होते. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात सीमा मिश्रा होत्या. २०२४ साली पार्लमेंटने कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांच्या शिक्षा पुसल्या.

नातवाने हे वाचून दाखवले तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. "आमच्या बाजूने दोष आढळत नाही" हे एक वाक्य किती माणसांना चिरडू शकते, ते आम्हाला दिसले. त्याने ते वाक्य लिहिले नव्हते, पण ते वाचून तो गप्प बसला होता.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. गिटलॅब नावाची एक कंपनी आहे, जगभरचे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक आपले काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अभियंता बिघाड दुरुस्त करत होता. दोन संगणक होते, एक मुख्य, एक त्याची जोड. जोडीवरचा साठा पुसून नव्याने घ्यायचा होता. थकव्यात त्याने पुसण्याचा हुकूम मुख्यावर दिला. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवले, पण तोवर सुमारे ३०० जीबी साठ्यातले साडेचार जीबीच उरले होते. जपून ठेवलेल्या नकला शोधायला गेले, तर नकला ठेवण्याच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. त्याच माणसाने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी सहज एक नक्कल काढून ठेवली होती, तिने वाचवले. तरी त्या सहा तासांतले काम गेले ते गेलेच.

त्या कंपनीने काय केले? काय चुकले, कसे चुकले, आता काय करत आहोत, हे सगळे लिहून तासातासाला जगासमोर ठेवले. दुरुस्तीचे काम चालू असताना लोकांना ते पाहू दिले. त्या माणसाला काढून टाकले नाही. नकला का चालत नव्हत्या, याची जबाबदारी एकट्यावर न टाकता सगळ्या संस्थेची म्हणून मानली. लोक रागावलेही आणि पुष्कळ जणांनी धीरही दिला, कारण त्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी असे काहीतरी झालेले असते.

नातू म्हणाला, "आबाजी, चूक तर दोन्हीकडे झाली." मी म्हणालो, "हो. एकीकडे लोकांसमोर मांडली, अन् एकीकडे गरिबाच्या नावावर मांडली."

आपल्या परंपरेकडे या नजरेने पाहू लागलो, तेव्हा पन्नास वर्षे तोंडपाठ असलेल्या गोष्टी मला नव्याने दिसल्या.

माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, तो शके १२१२, म्हणजे सन १२९०. पुढे तिच्या हाताने नकला होत गेल्या. लिहिणारा भाविक असला तरी माणूस होता. कुठे शब्द निसटला, कुठे न कळलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा बसवला, कुठे कोणी आपलीच ओवी भक्तीच्या भरात घातली. जवळजवळ ३०० वर्षांत अशुद्ध पाठ गावोगाव पसरले. एकही नक्कल करणारा लबाड नव्हता, तरी चूक वाढत गेली, कारण पुढचा माणूस मागच्यावर विश्वास ठेवून उतरवत होता. शेवटी शके १५०६ मध्ये पैठणला नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती जुळवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील.

माझ्या नातवाचे काम याहून वेगळे काय आहे? मूळ नोंद जपायची, चुकीची शोधायची, आणि आपल्या हाताने नवी करवंटी ताटात ठेवायची नाही. मी त्याला म्हणालो, तुमच्या धंद्याचे आद्य गुरू पैठणला आहेत. तो हसला, पण त्याने ते मनावर घेतले असे वाटते.

माउलींनी तर एवढा ग्रंथ सांगताना श्रोत्यांना हात जोडून विनवले आहे, की उणे असेल ते तुम्ही पुरते करून घ्या. ज्याच्यात उणे शोधून सापडायचे नाही, त्याने हे म्हणावे आणि मी चार मात्रा चुकून मृदंगाकडे पाहावे! तुकोबारायांनी आपले दोष जितके उघड्यावर मांडले तितके क्वचितच कोणी मांडले असतील. ते अभंग मी शेकडो वेळा कीर्तनाला घेतले. स्वतःला पतित म्हणताना माझा गळा दाटून यायचा, डोळ्यांत पाणी यायचे, समोरच्या मायबाया पदर डोळ्यांना लावायच्या. ते रडणे खोटे नव्हते. पण मी देवाजवळ रडत होतो, आणि ज्याचे देणे होते तो माणूस तिथून पंधरा कोसांवर आपल्या ओसरीवर बसून होता. देवाजवळ कबूल करायला आपल्याला लाज वाटत नाही, कारण देव गावात जाऊन सांगत नाही. माणसाजवळ कबूल करायला पाय जड होतात. मला जायला अडतीस वर्षांहून जास्त लागली.

पौष महिन्यात मी नातवाच्या बापाला मोटरसायकल काढायला सांगितली आणि चुलबंदच्या काठच्या त्या गावी गेलो. घर सापडले. बुवा आठ वर्षांपूर्वी वारले होते. ओसरीवर त्यांची म्हातारी लाख निवडत बसली होती. मृदंग आत खुंटीला होता, वरून जुने धोतर गुंडाळलेले. मुलगा शेतातून आला. मी माझे नाव सांगितले, म्हातारी उठून पाया पडायला लागली. मी तिला थांबवले आणि म्हणालो, "माय, आधी माझं ऐकून घे."

मी सगळे सांगितले. कोणता चरण गाळला, कुठे चुकलो, मागे वळून काय बोललो, आणि दुसऱ्या वर्षी कमिटीवाल्यासमोर कसा गप्प राहिलो. मुलगा जमिनीकडे पाहत होता. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मनत होते का त्या दिवशी आपलाच हात चुकला असन. महाराज खोटं कायले बोलतीन?"

मला वाटले होते, की बुवांना खरे माहीत असेल. ते मला मनात शिव्या देत असतील, किंवा थोर मनाने त्यांनी क्षमा केली असेल. मी या दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ज्याचा हात कधी चुकला नव्हता, त्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या हाताला चुकलेले मानले आणि तसेच मानत तो गेला, याची तयारी माझ्याजवळ नव्हती. विलायतेतल्या त्या डाकपालांपैकी काहींना तसेच वाटू लागले होते म्हणतात, की संगणक खोटे कसे बोलेल, आपणच कुठेतरी चुकत असू. चूक दुसऱ्याच्या नावावर मांडली, की त्याची अब्रू तर जातेच, त्याचा स्वतःवरचा विश्वासही जातो. तो परत करायला मी गेलो, तेव्हा घेणारा उरला नव्हता.

माघात त्या गावी सप्ताह होता. मी आता कीर्तन करत नाही, गळा राहिला नाही. कमिटीला मी पाच मिनिटे मागितली. काल्याच्या कीर्तनाआधी मी माईकसमोर उभा राहिलो आणि १९८६ सालच्या त्या दिवशी काय झाले ते बुवांचे नाव घेऊन सांगितले. ज्यांनी ते कीर्तन ऐकले होते, असे दहा-बाराच म्हातारे मंडपात असतील. पण ज्या माईकमधून गेले होते, त्याच वाटेने ते परत यायला हवे होते. बुवांचा मुलगा मागे खांबाजवळ उभा होता. माझे झाल्यावर तो पुढे आला नाही, बोलला नाही. पण काल्याला मृदंगाच्या शेजारी टाळ घेऊन उभा राहिला. तो बारा वर्षांत सप्ताहात उभा राहिला नव्हता, असे मला मागाहून कळले.

आपल्या जिल्ह्यातली किती तरी पोरे आज नागपूर, पुणे, हैदराबादला अशा कामांवर आहेत. त्यांचे आईबाप हे मासिक वाचतात. त्यांना एवढेच सांगतो, की पोराच्या हातून चूक झाली असे तो सांगू लागला, तर "कोणाले मालूम आहे?" हा माझा प्रश्न विचारू नका. "कोणाच्या नावावर गेली?" हे विचारा. आणि पोरांना सांगतो ते माझ्या नातवाचेच शब्द आहेत. तो आता खऱ्या हिशोबात काही पुसण्याआधी संगणकाला आधी "दाखव" म्हणतो. किती नोंदी निघतात ते मोजतो. एकच पुसायची असेल आणि बारा निघाल्या, तर हात मागे घेतो. दुसऱ्या माणसाला वाचायला देतो. आणि "आमच्या बाजूने दोष आढळत नाही" हे वाक्य लिहिण्याआधी खरेच पाहतो.

आमच्या कीर्तनातही हेच आहे. उभे राहण्याआधी टाळकऱ्यांना अभंग सांगावा, चरण सांगावेत, मृदंगवाल्या बुवांना नमस्कार करावा. आणि चाल फाटलीच, तर मागे वळून पाहू नये. थांबावे, चुकले म्हणावे, चरण पुन्हा धरावा. मागचे टाळकरी आपल्याला सांभाळून घ्यायलाच उभे असतात.

रामकृष्ण हरी.